"तसं लिहिलं तर रीच पडतो, मॅडम"

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. पोस्ट लांबेल, पण वाचा.

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या पोळी-भाजीवाल्या काकूंकडे गेले होते. शनिवारी त्यांच्याकडे पुरणपोळी असते, त्यामुळे गर्दी नेहमीचीच. पण आज रांग हलेचना. आत बघते तर एक मुलगा तव्यावर मोबाइल धरून उभा. "काकू, परत एकदा. तूप जरा उंचावरून सोडा, धार दिसली पाहिजे." काकूंनी सोडलं. उजेड बरोबर नाही म्हणून पुन्हा सोडायला लावलं. पोळीचा पार लगदा झाला. मग त्याने कडेचा एक तुकडा तोडला, डोळे मिटून मान डोलावली, तेवढं शूट केलं आणि पोळी ताटलीत तशीच टाकून दिली. पुरण वाटून वाटून ज्या बाईचे खांदे गेलेत, तिच्या डोळ्यांदेखत.

तरीही मी गप्प बसले असते. पण मग त्याने काकूंच्या सुनेला व्हॉट्सअ‍ॅपवर दरपत्रक पाठवलं. रीलचे इतके, स्टोरीचे इतके, दोन्ही घेतलं तर सूट. मी विचारलं, "पैसे घेऊन करणार, तर वर 'जाहिरात' असं लिहिणार ना?" तो म्हणाला, "तसं लिहिलं तर रीच पडतो, मॅडम."

म्हणजे खरं सांगितलं तर लोक बघणार नाहीत, म्हणून सांगायचंच नाही! आणि हे तोंडावर, अगदी सहज.

याला नियम नाहीत असं नाही. जाहिरात क्षेत्राच्याच एएससीआय या संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम आणले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने सूचना काढल्या: पैसे, फुकट वस्तू, सवलत, काहीही घेतलं असेल तर ठळक सांगा, हॅशटॅगच्या ढिगात लपवू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. पण तलावपाळीपासून घोडबंदर रोडपर्यंत रोज जी "ठाण्यातली बेस्ट" अमुक न् तमुकची रीलं निघतात, त्यांतल्या कितींवर 'जाहिरात' हा शब्द दिसतो? तुम्हीच आठवून बघा.

पेपरात जाहिरातीला चौकट असायची. बातमी कुठे संपली आणि पैसे कुठे सुरू झाले, ते माझ्या चौथी शिकलेल्या आजीलाही कळायचं. हो, माहितेय, पेपरही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीतलं पेड न्यूजचं, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातलं. पण तेव्हा आपण त्याला लबाडी म्हणत होतो. आता त्यालाच कंटेंट म्हणतात आणि कॉलेजातल्या पोरांना त्यात करिअर करा म्हणून सांगतात.

काकूंचं नाव तूप वरून सोडून झालेलं नाही. लग्नकार्यात, बारशाला, कुणाच्या आजारपणात डबे गेले आणि तोंडातोंडी नाव झालं. सोशल मीडियाचा त्यांना उपयोग झाला नाही असंही नाही, तेही सांगते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सुनेने व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्यांची यादी केली, रोज सकाळी मेनू टाकायची, त्यावर घर चाललं. तेव्हा तिने जे आहे तेच लिहिलं. "आज भेंडी, आमटी, पोळ्या. अकराच्या आत सांगा." एवढंच.

मग कुणीतरी डोक्यात भरवलं की ब्रँडिंग पाहिजे, फेसबुक पेज पाहिजे. काढलं पेज. बिचारीने एकेका गिऱ्हाइकाला सांगून लाइक करून घेतलं. आणि आता पोस्ट टाकली तर त्याच गिऱ्हाइकांना ती दिसत नाही. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केलं होतं की मित्र आणि घरच्यांच्या पोस्टना प्राधान्य देणार, पेजचं मागे पडणार. दिसायचं असेल तर बूस्ट करा, पैसे भरा. गिऱ्हाईक आपलं, आणि त्याच्यापर्यंत जायचा टोल दुसऱ्याला!

त्या मुलावर आता लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. बावीस-तेवीसचा असेल. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली, पुढच्याच महिन्यात इंस्टाग्रामने आपल्याकडे रील्स आणली. तेव्हा तो शाळा-कॉलेजात असणार. पहिल्या दोन सेकंदांत बोट थांबलं नाही तर व्हिडिओ मेला, हेच तो शिकलाय. नोकरी नाही म्हणाला. घरी त्यालाही कुणी विचारत असेल, आज किती मिळाले.

पण म्हणून काकूंनी का भरायचं? सून आज मला बाजूला घेऊन विचारते, "ताई, पुरणपोळीत चीज घालून बघू का? ओढल्यावर तार येते, व्हिडिओत छान दिसतं." मला काय बोलावं कळेना. खाणाऱ्याने मागितलेलं नाही, काकूंना पटत नाही, आणि तरी विचार चाललाय, का तर कॅमेऱ्याला तार हवी.

तिला म्हटलं, देऊ नकोस पैसे. ती म्हणाली, "पलीकडच्या गल्लीतल्यांनी दिले, आता त्यांच्याकडे रविवारी रांग असते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नको म्हणायला माझं काय जातं, धंदा तिचा आहे.

माझ्या यादीत रील करणारे चारपाच जण आहात. तुमच्यावर माया आहे, म्हणून इथेच सांगते. पैसे घ्या, कष्टाचे घ्या, पण घेतलेत तर व्हिडिओच्या सुरुवातीलाच 'जाहिरात' असं मोठ्या अक्षरांत लिहा. नाही लिहिलंत, तर मी तिथे येऊन सगळ्यांसमोर विचारणार आहे, आणि वाईट वाटून घेऊ नका.