बंदरातला गाळ शेतात टाका म्हणणाऱ्यांसाठी

पावसाळ्याच्या तोंडावर नालेसफाईच्या बातम्या सुरू झाल्या की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. थोडक्यात असा: मुंबईच्या बंदरातला आणि खाड्यांतला गाळ म्हणजे काळं सोनं, आणि आपण ते समुद्रात फेकतो. हॉलंडमधले रॉटरडॅम बंदरवाले एक टोपलीही समुद्रात टाकत नाहीत, शेतकऱ्यांना विकून पैसा करतात. धरणाचा गाळ शेतात चालतो, मग बंदराचा का नाही? विषबिष असलंच तर उन्हात वाळवलं की जातं. नाहीतर विटा पाडा. पण ठेकेदारांची साखळी हे होऊ देणार नाही. शेवटी अर्थातच ‘प्रत्येक शेतकरी बांधवापर्यंत पोहोचवा’.

पोहोचवण्याआधी एकेक मुद्दा बघू.

‘धरणाचा चालतो, मग बंदराचा का नाही?’

धरणात बसलेला गाळ मुळात रानातलाच असतो. पाणलोटातल्या शेतांची वरची माती पावसाने वाहून जाते आणि ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत २०१७ पासून ती परत शिवारात आणली जाते. त्यातही वरच्या अंगाला एमआयडीसी असेल तर आधी तपासून घ्यावं, पण एरवी घरचं घरी आलं.

बंदरातला गाळ शहरातून येतो. सांडपाणी, रस्त्यावरचं तेल, टायरची झीज, गॅल्व्हनायझिंग आणि रंगाच्या कारखान्यांचं पाणी, आणि खुद्द जहाजं. जहाजाच्या बुडाला कालवं चिकटू नयेत म्हणून वर्षानुवर्षं ट्रायब्युटिल टिन हे विषारी रसायन घातलेला रंग मारत. त्यावरची आंतरराष्ट्रीय बंदी २००८ मध्ये लागू झाली, पण जहाजं घासण्याच्या गोद्यांत जुन्या रंगाचे पापुद्रे तळाच्या चिखलात मिसळून गेलेले असतात. या सगळ्या घाणीला बारीक कण आवडतात. वाळूवर ती फारशी टिकत नाही, चिकणमातीला आणि कुजलेल्या सेंद्रिय भागाला घट्ट धरते. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याला जो मऊ, काळा, ‘कसदार’ दिसतो, नेमका तोच भाग घाणीने सगळ्यात जास्त भरलेला.

धातूंचं सोडा, नुसतं मीठ पुरेसं आहे. उधाणात खारबंदिस्ती फुटून पाणी शिरलं की भातशेतीचं काय होतं, हे पेण-अलिबागच्या खारेपाटात कुणालाही विचारा. मीठ धुवून निघायला पावसाळे जातात. गंमत म्हणजे खुद्द हॉलंडच्या रोपवाटिकावाल्यांनी ऱ्हाईन नदीचं पाणी खारट केलं म्हणून फ्रान्समधल्या पोटॅशच्या खाणींवर दावा लावला होता आणि तो १९७६ मध्ये युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. नदीच्या पाण्यातल्या मिठासाठी कोर्टात जाणारे लोक बंदराचा गाळ विकत घेऊन रानात पसरतील?

आणि कोकणात पीक कुठलं, तर भात. जपानच्या तोयामा भागात खाणीचं कॅडमियम जिन्झू नदीतून भातखाचरात गेलं, भातातून माणसांत. हाडं ठिसूळ होऊन साध्या हालचालीने मोडायची. १९६८ मध्ये सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं. पीक तर शेवटपर्यंत येतच होतं, त्यामुळे ‘आमच्याकडे टाकला, पीक जोमात आलं’ हा पुरावा काही सिद्ध करत नाही.

‘रॉटरडॅमवाले विकतात, समुद्रात टाकत नाहीत’

हा मुद्दा पुरता उलटा आहे, म्हणून जरा थांबून बघू.

रॉटरडॅमला दरवर्षी कोटीहून जास्त घनमीटर गाळ काढावा लागतो. त्यातला बहुतांश आजही उत्तर समुद्रातच जातो, कारण तपासणीत तो चालण्याजोगा ठरतो. उरलेला घाण गाळ विकत नाहीत, कोंडतात. बंदराच्या समुद्राकडच्या टोकाला, मासव्लाक्टे इथे १९८७ पासून ‘स्लुफ्टर’ नावाचा साठा आहे: समुद्रसपाटीच्या खाली २८ मीटर खोल खड्डा, भोवती २४ मीटर उंचीचा बांध, क्षमता सुमारे १५ कोटी घनमीटर.

एवढा खटाटोप का केला? कारण मेसेजमधली कल्पना त्यांनी आधी करून पाहिली होती. गाळ पसरून जमीन उंच करायची, सखल पोल्डर (बांध घालून पाण्यापासून मिळवलेल्या जमिनी) वर आणायचे, वर शेती किंवा घरं. फ्लार्डिंगनजवळचा ब्रुकपोल्डर असाच बंदराच्या गाळाने भरला. नंतर जड धातू आणि कीटकनाशकं सापडली आणि घरं बांधायचा बेत बासनात गेला. मासस्लाउसच्या स्टेनडाइकपोल्डरमध्ये तर घरं बांधून झाली होती, लोक राहत होते, आणि १९८० च्या दशकात कळलं की अंगणाखाली डिल्ड्रिन या कीटकनाशकाच्या कुळातली विषं आहेत.

रॉटरडॅमचं खरं शहाणपण मात्र त्या खड्ड्यात नाही. १९८४ मध्ये त्यांनी ऱ्हाईन संशोधन प्रकल्प सुरू केला: नदीच्या वरच्या अंगाला कोण काय सोडतं याचा माग काढायचा, कारखान्याच्या दारात आकडे घेऊन जायचं, आणि सांगायचं की सोडणं कमी करा, नाहीतर आमचा गाळ काढण्याचा खर्च तुमच्याकडून कोर्टात वसूल करू. कारखाने परदेशात, बहुतेक जर्मनीत. तरी त्यांतल्या बऱ्याच जणांनी कपातीचे करार केले. गाळ सुधारला आणि स्लुफ्टर ठरवल्यापेक्षा फार सावकाश भरत गेला. नक्कल करायचीच तर याची करा. आपल्याकडे तर सोडणारे सगळे आपल्याच राज्यात आहेत.

‘उन्हात वाळवला की विष जातं’

जंतू मरतील काही. शिसं आणि कॅडमियम जिवंत नसतात, त्यामुळे मरतही नाहीत. उलट वाळवण्यातच खरी मेख आहे.

खाडीच्या तळात नळी खुपसून नमुना वर काढला की वरचा बोटभर थर तपकिरी दिसतो, त्याखाली डांबरासारखा काळा, सडक्या अंड्याचा वास मारणारा. तो काळेपणा लोहाच्या सल्फाइडचा. पाण्याखाली प्राणवायू नसतो, तेव्हा जस्त, तांबं, कॅडमियम सल्फाइडला बांधलेले असतात आणि सहसा हलत नाहीत. हाच नमुना ताटात उघडा ठेवा, काही तासांत वरून करडा-तपकिरी पडायला लागतो. हवा लागली, सल्फाइडचं सल्फेट होऊ लागलं. चिखलात पुरेसा चुना नसेल तर चिखल आंबट (आम्लधर्मी) होतो आणि बांधलेले धातू मोकळे होऊन पाण्यात उतरतात. म्हणजे तळाशी गुमान पडलेली घाण शेतात पसरून वाळवली, की पहिल्या पावसात ती विहिरीकडे निघाली.

म्हणून नुसता ‘एकूण धातू किती’ हा आकडा पुरत नाही. गाळ पाण्यात घुसळून काय सुटतं तेही बघतात. शिवाय कोळंबीच्या लांबच्या नात्यातले चिमुकले जीव १० दिवस त्या चिखलात ठेवून किती जगले ते मोजतात.

‘विटा पाडा, सिमेंटमध्ये मिसळा’

हे होतं, फुकटात मात्र होत नाही. न्यूयॉर्क बंदराच्या गाळात नेवार्कच्या तणनाशक कारखान्यातलं डायॉक्सिन हे जहाल विष होतं. १९९७ मध्ये त्यांची समुद्रातली टाकण्याची जागा बंद झाली, तेव्हा गाळात पोर्टलँड सिमेंट मिसळून तो न्यू जर्सीतल्या एलिझाबेथमध्ये जुन्या कचराभूमीवरच्या मॉलखाली भरावाला वापरला. काही पेनसिल्व्हेनियातल्या पडीक कोळसा खाणीत गेला. दोन्हीकडे पैसे मोजले गाळ देणाऱ्याने, घेणाऱ्याने नाही. हॅम्बुर्गचा ‘मेटा’ प्रकल्प १९९३ पासून गाळातली वाळू वेगळी काढतो, ती बांधकामाला जाते. उरलेला बारीक घाण भाग पाणी काढून बंदिस्त टेकड्यांत रचतात.

शिवाय साधा हिशेब करा. बंदरातल्या मऊ गाळाच्या एका घनमीटरचं वजन सव्वा टन धरलं, तर सुका माल साडेतीनशे-चारशे किलो. बाकी खारं पाणी. भट्टीवर जाणारा डंपर मुख्यतः समुद्र वाहून नेणार आणि डिझेलचं बिल कुणीतरी भरणार.

‘ठेकेदारांची साखळी’

इथे मेसेजला अर्धे गुण. गाळाचे पैसे हॉपरमध्ये (गाळ काढणाऱ्या जहाजाच्या पोटातल्या टाकीत) किती भरला यावर दिले तर पाणी भरून नेण्यातही फायदा असतो, आणि समुद्रात ओतल्यावर मोजणार कोण? पण यावर गाळ शेतात ओतणं हा उपाय नव्हे. काम सुरू होण्याआधीचा आणि संपल्यानंतरचा तळाचा सर्व्हे मागा, दोन्हींतला फरक आणि बिलातले घनमीटर शेजारी ठेवा. सोबत गाळ काढण्याआधीचा तपासणी अहवाल मागा: नमुने कुठून घेतले, किती खोलीवरून, टाकायची जागा कशाच्या आधारावर ठरवली. हे माहितीच्या अधिकाराच्या एका अर्जात बसतं.