मंडईला मेट्रोने या, पण वर आल्यावर चालायचं कुठून?

पुण्याच्या मंडईला मेट्रो आली याचा मला मनापासून आनंद आहे, हे आधीच सांगते. मी शुक्रवार पेठेत वाढले. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला आणि पिंपरी-चिंचवडची माणसं गाडी न बदलता थेट मंडईत उतरायला लागली. पूर्वी चिंचवडहून तुळशीबागेच्या बाजारात यायचं म्हणजे अख्ख्या दिवसाचा बेत असायचा. आता मुलांची शाळा सुटायच्या आत खरेदी उरकून बायका घरी पोचतात. वर जुने वाडे, मध्ये मुठेचं पात्र, आणि त्याखालून बोगदा नेणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. ज्यांनी ते केलं त्यांचं कौतुक आहेच.

स्टेशनात संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहून बघा. तपासणीच्या यंत्रातून ऑफिसच्या बॅगांच्या मागोमाग मेथीच्या जुड्या सरकत येतात, पट्ट्यावर ओली माती सांडते. केळीचे खुंट, झाडूचे जुडगे, हळदी-कुंकवाच्या पुड्या, सगळं खाली उतरतं. सुरक्षारक्षक पोरगी एका आजींना सांगत होती, “आजी, पिशवी आडवी ठेवा, लिंबं गडगडतील.” मंडईचं स्टेशन असंच हवं.

पण सरकत्या जिन्याने वर आलात की खेळ संपतो. समोर दुचाकींची रांग, तिच्या मागे रिक्षा, मध्येच टेम्पो उलटा येतोय. फुटपाथ जिथे आहे तिथे त्यावर गाडी लावलेली. मागच्या आठवड्यात एक काका काठी टेकत रस्त्याच्या कडेला उभे होते. अलीकडून पलीकडे जायचं होतं त्यांना, पण कोणी थांबेना. शेवटी एका फुलवाल्याने हात दाखवून गाड्या अडवल्या. जमिनीखाली एवढा खर्च केला आणि वरच्या दोनशे पावलांचा विचार केलाच नाही, हे मला सहन होत नाही.

‘गाडी दुकानापुढे लागली नाही तर गिऱ्हाईक येत नाही’ असं व्यापारी सांगतात. त्यांची काळजी खोटी नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. पण तुळशीबागेच्या बोळांत चारचाकी कधी शिरली आहे? तिथे पाय ठेवायला जागा नसते. गणपतीत संध्याकाळनंतर मध्यवस्तीतले रस्ते गाड्यांना बंद होतात, तरी शारदा गजाननासमोर आणि दगडूशेठपुढे माणसांचा पूर असतो. माणूस चालत येतो तेव्हा चार दुकानांत डोकावतो. गाडीवाला एका दुकानातून घेतो आणि निघतो.

आणि मंडईने बदल पचवलेत. ही अष्टकोनी इमारत १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात भरायचा, तिथून माळणी-बागवान इथे आले. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाला लावा असं त्यांचं म्हणणं होतं. आज तिला त्यांचंच नाव आहे. सार्वजनिक पैसा आधी कुणाच्या कामी यावा, हा त्यांचा प्रश्न मला या स्टेशनाबाहेर उभं राहिलं की रोज आठवतो. इथे बहुतेक माणसं पायीच असतात, आणि त्यांनाच जागा नाही.

माझं म्हणणं साधं आहे. स्टेशन ते तुळशीबाग आणि स्टेशन ते लक्ष्मी रस्ता हे दोन तुकडे दुपारी चारनंतर गाड्यांना बंद करा. माल सकाळी उतरू दे. वाड्यांत राहणाऱ्यांना पास द्या, रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी वाट कायम मोकळी ठेवा. हातगाड्यांना आखून जागा द्या, त्यांना हुसकू नका. मंडई त्यांचीही आहे. बसायला चार बाक आणि बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, एवढं तरी कराच. गाडी आणायचीच असेल त्यांच्यासाठी मिसाळ आणि आर्यन वाहनतळ आहेत.

११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद ठेवतात, हे २०२१ पासून चालू आहे. त्या दिवशी लोक मुलांना घेऊन रस्त्याच्या मधून चालतात, मी स्वतः बघितलंय. यंदा तिथे याच, आणि येताना मेट्रोने मंडईला उतरून चालत या. वाटेत जिथे जिथे गाडी आडवी येईल तिथला फोटो काढा आणि आपापल्या नगरसेवकांना पाठवा. पेठेत राहणाऱ्यांनी तर नक्कीच पाठवा.