रॉचेस्टरचं प्रेम आणि माडीवरची कडी

काल कट्ट्यावर आधी अर्धा तास पेट्रोलवर गेला, मग कुणीतरी मॅडमला विचारलं पिशवीत एवढं जाडजूड काय आहे, आणि तिथनं जे पेटलं ते टपरीवाल्यानं शटर ओढेपर्यंत. (मॅडम म्हणजे आमच्यातली एकटी एमए इंग्लिश. बाकी आम्ही सगळे गाईडवर पास झालेले.) पुस्तक 'जेन एअर', शार्लट ब्राँटीचं, १८४७ चं.

वकील म्हणाला, वाचलंय मी, एक नंबर लव्हस्टोरी. अनाथ पोरगी, वर्षाला ३० पौंडांवर एका बड्या घरात शिकवायला येते आणि तो खडूस मालक रॉचेस्टर तिच्या प्रेमात पडतो. मॅडम म्हणाली, हो, आणि त्याची पहिली बायको तिसऱ्या मजल्यावर दहा वर्षं कोंडलेली असते ते राहिलं सांगायचं.

तर ही बायको म्हणजे बर्था, जमैकाची. हुंडा ३०,००० पौंड. तिची आई वेड्यांच्या इस्पितळात आहे हे लग्नाआधी लपवलेलं. मास्तर म्हणाला, म्हणजे आपल्याकडचंच की, लग्न लावून द्या, आपोआप बरी होईल.

वकिलाचा मुद्दा असा की रॉचेस्टरनं करायचं काय होतं? तेव्हा इंग्लंडात वेडाच्या कारणावर घटस्फोट नव्हताच, ते कारण कायद्यात आलं १९३७ मध्ये. वेड्यांच्या इस्पितळात टाकलं नाही, मारलं नाही, सांभाळायला बाई ठेवली. जंगलात त्याचं दुसरं ओलसर घर होतं, तिथं ठेवली असती तर बाई लवकर मेली असती आणि हा मोकळा झाला असता, तेही केलं नाही. घराला आग लागली तेव्हा तिला वाचवायला गच्चीवर चढला, त्यात डोळे गेले, एक हात गेला. अजून काय पाहिजे?

मॅडमनं पुस्तकच उघडलं. जेनशी लग्न लागता लागता मोडतं, कारण पहिली बायको जिवंत आहे हे भर चर्चमध्ये कुणीतरी उभं राहून सांगतं. मग हा सगळ्यांना घेऊन वर जातो, बर्था अंगावर येते, हा तिचे हात मागं बांधतो, दोरीनं खुर्चीला जखडतो आणि पाहुण्यांना म्हणतो, ही माझी बायको. आणि त्याच दिवशी नंतर जेनला काय सांगतो, तर तू वेडी झालीस तरी मी तुला माझ्या मिठीतच धरून ठेवीन, वेड्यांचा बांधायचा अंगरखा नाही घालणार. अरे सकाळची दोरी अजून तिथंच पडलेली असेल!

यावर वकीलसुद्धा जरा गप्प झाला. मला विचाराल तर मी मॅडमच्या बाजूनं, कारण सबंध पुस्तकात त्या बाईच्या तोंडी तिची स्वतःची बाजू नाही. गुरगुरणं आहे, हसणं आहे, चावणं आहे. शार्लटबाईंनी नंतर एका पत्रात कबूल केलंय की मी भीतीच जास्त दाखवली, कीव यायला हवी होती ती कमी पडली. आणि गंमत बघा, गंमत कसली म्हणा, दुसरी आवृत्ती त्यांनी थॅकरे या लेखकाला अर्पण केली, आणि त्याची बायको खरोखरच मनानं आजारी होती, तिसऱ्या बाळंतपणानंतर बिघडलेली, एकदा बोटीवरनं समुद्रात उडी घेतलेली. शार्लटबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. लंडनमध्ये मग बोंबच झाली की थॅकरे म्हणजेच रॉचेस्टर. थॅकरेची बायको त्याच्या मरणानंतर तीस वर्षं जगली.

आता मास्तर. तो असल्या वादात सहसा पडत नाही, तंबाखू मळत बसतो. म्हणाला, आमच्या आजोळी माडीवर एक आजी असायची, चुलत. बाहेरनं कडी. आम्हा पोरांना सांगितलेलं वर मांजर व्यालंय, जायचं नाही. पण रोज चारला चुलत आजोबा कपबशी घेऊन जिना चढायचे, तिचा हात थरथरायचा म्हणून हेच बशीत ओतून, फुंकर मारून, तिच्या तोंडाला लावायचे. मी फटीतनं बघितलंय. दुसरं लग्न केलं नाही त्यांनी. उतरताना कडी मात्र लावायचे.

वकील म्हणाला, आता २०१७ च्या कायद्यानं असल्या पेशंटला साखळीनं बांधता येत नाही. मास्तर म्हणाला, साखळी नव्हती रे, कडी होती. घरातली कडी कुठला कायदा बघतो?

मॅडम म्हणाली, रॉचेस्टर एकदा तरी वर चहा घेऊन गेला का सांग. वकील म्हणाला, पगारी बाई होती की. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी. वकील म्हणाला, पण कडी दोघांनीही लावली ना, मग मास्तरांचे आजोबा प्रेमळ आणि हा नालायक, हे कसं? याला मॅडमकडं उत्तर नव्हतं आणि माझ्याकडंही नाही. अडचणीत माणूस काय करतो ते बाहेरनं बोलणं सोपं असतं, हे मला मान्य आहे, पण त्या बशीवरनं मी हलायला तयार नाही.

मग मॅडमनं सहज विचारलं, नाव काय होतं रे त्या आजीचं? मास्तर थांबला. घरात सगळे 'माडीवरची' म्हणायचे. त्यानं तिथनंच आईला फोन लावला, स्पीकरवर. आई आधी जेवलास का विचारत बसली, मग बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज, मग म्हणाली, काकू म्हणायचो रे आम्ही, थांब, मामाला विचारून सांगते.