घड्याळ राहू द्या, दुसऱ्या बेसवरचा फुकटचा रनर काढा

परवा आमच्या इथल्या ग्रुपवर बेसबॉलच्या नियमांवरून बराच वाद झाला. सामने लवकर संपावेत म्हणून गेल्या काही वर्षांत जे बदल झाले आणि अजून जे सुचवले जाताहेत, त्यावर एक जण म्हणाला, "खेळाची वाट लावली." दुसरा म्हणाला, "अजून कापा, दोन तासांत संपवा." मला दोन्ही पटत नाही. ग्रुपवर तुकड्यातुकड्यांत लिहिण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो.

2019 च्या जुलैत बाबा सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. तिघं मिळून न्यू यॉर्कला मेजर लीगच्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वात वरच्या लीगच्या, मॅचला गेलो. बाबांनी उभं आयुष्य क्रिकेट पाहिलंय, रेडिओला कान लावून कसोटी सामने ऐकलेत. संथ खेळाचं त्यांना वावडं नाही. तरी नऊपैकी चौथ्या इनिंगला ते मला म्हणाले, "अरे, हा गडी खेळणार कधी?"

आम्ही तिसऱ्या बेसच्या बाजूला बसलो होतो (बेस म्हणजे धाव पुरी करायला रनरने एकामागून एक गाठायचे टप्पे), सगळं स्पष्ट दिसत होतं. एक चेंडू झाला की बॅटर चौकटीबाहेर यायचा. डाव्या हातमोज्याचा पट्टा उघडायचा, पुन्हा आवळायचा. मग उजवा. मग हेल्मेट, मग खांदा, मग बॅट दोनदा जमिनीवर आपटणं. तोवर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पकड यावी म्हणून ठेवलेली राळेची पिशवी तळहातावर खालीवर करत पाठमोरा उभा. मी एकदा मोबाइलवर वेळ लावली, 38 सेकंद. आणि आधीचा चेंडू त्याने नुसता सोडून दिला होता, बॅट हललीसुद्धा नव्हती.

सातव्या इनिंगला पोरगा माझ्या खांद्यावर झोपला. घरी, एडिसनला जायची गाडी गाठायची म्हणून आम्ही उठलो. निकाल नवव्या इनिंगला फिरला, तो आम्हाला ट्रेनमध्ये फोनवर कळला. सकाळी पोराने डोळे चोळत पहिला प्रश्न विचारला, "कोण जिंकलं?" त्याची पहिली मोठी मॅच, आणि शेवट त्याने पाहिलाच नाही. ते मला आजही लागतं.

2021 मध्ये नऊ इनिंगच्या सामन्याची सरासरी 3 तास 10 मिनिटांवर गेली होती. सत्तरच्या दशकात हाच खेळ अडीच तासांच्या आसपास संपायचा. इनिंग तेव्हाही नऊ, आजही नऊ. मधला वेळ गेला तो हातमोज्यांत आणि राळेच्या पिशवीत. गंमत म्हणजे बेसवर कोणी नसताना पिचरने 12 सेकंदांत चेंडू टाकावा, असा नियम पुस्तकात होताच. तो पाळायला लावणारं कोणी नव्हतं.

2023 पासून मैदानात घड्याळच लावलं. बेस मोकळे असतील तर 15 सेकंद, रनर असेल तर 20. पुढच्या वर्षी त्या 20 चे 18 केले. घड्याळात 8 सेकंद उरायच्या आत बॅटरने तयार राहायचं. पिचर चुकला तर एक बॉल बॅटरच्या खात्यात (असे चार झाले की पहिला बेस फुकट), बॅटर चुकला तर एक स्ट्राइक त्याच्या माथी (तीन झाले की बाद). पहिल्याच वर्षी सरासरी 2 तास 40 मिनिटांवर आली. धावा कमी झाल्या नाहीत, वाढल्या. बेस चोरण्याचे, म्हणजे फटका बसलेला नसताना पळून पुढचा बेस गाठण्याचे, यशस्वी प्रयत्न 2,486 वरून 3,503 वर गेले आणि प्रेक्षकांचा आकडा सात कोटींच्या पुढे गेला.

बेस चोरणं वाढलं त्यामागे बेसचा आकार 15 इंचांवरून 18 इंच केला हे एक कारण आहेच. दुसरं कारण मला जास्त आवडतं. पूर्वी रनरला धरून ठेवायला पिचर हवं तितक्या वेळा पहिल्या बेसकडे चेंडू फेकायचा. आता एका बॅटरमागे दोनदाच. तिसऱ्यांदा फेकलं तर रनर बाद व्हायलाच हवा, नाहीतर त्याला पुढचा बेस बहाल. प्रो कबड्डी पाहणाऱ्यांना हे लगेच कळेल. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. चढाईला 30 सेकंदांचं घड्याळ आलं म्हणून कबड्डीचा आत्मा हरवला असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही. म्हणणार तरी कसं? हुतूतूत घड्याळ पहिल्यापासून होतंच, ते खेळाडूच्या छातीत होतं. दम संपला की चढाई संपली. गावच्या मैदानावर पोरांना हे कधी समजावून सांगावं लागलं नाही.

घड्याळाला विरोध झाला तो मात्र मी हसण्यावारी नेत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये ज्या समितीने हा नियम मंजूर केला, तिथे खेळाडूंच्या प्रतिनिधींनी विरोधात मत दिलं होतं. समितीत मालकांचे सहा, खेळाडूंचे चार आणि एक अंपायर. निकाल काय लागणार हे मत मोजायच्या आधीच ठरलेलं. ज्याच्या खांद्यावर आणि कोपरावर हा खेळ उभा आहे त्याला इतका कमी आवाज असावा, हे मला बरोबर वाटत नाही. पुढे 18 सेकंद केले तेव्हाही खेळाडू संघटनेने दुखापतींचा मुद्दा मांडला. डिसेंबर 2024 च्या लीगच्या अहवालात बोट मुख्यतः वेगाच्या हव्यासाकडे आहे, घड्याळाकडे नाही. तरी माझं मत असं की आता इथे थांबावं. आणखी दोन सेकंद कापून प्रेक्षकाला काही मिळणार नाही, पिचरचा श्वास मात्र जाईल.

सुरुवातीला घड्याळाने गोंधळही घातला. 25 फेब्रुवारी 2023, सराव सामन्यांचा दुसरा दिवस. ब्रेव्ह्ज आणि रेड सॉक्स हे दोन संघ 6-6, नववी इनिंग, तिन्ही बेस भरलेले, दोन बाद, तीन बॉल दोन स्ट्राइक. आणि ब्रेव्ह्जचा कॅल कॉन्ली वेळेत तयार नाही म्हणून अंपायरने त्याला तिसरा स्ट्राइक दिला. सामना तिथेच बरोबरीत संपला. ते पाहून माझ्याही पोटात गोळा आला होता. पण सराव सामने असतात त्याचसाठी. खेळाडू महिन्याभरात शिकले. आज मुलासोबत मॅच बघताना कित्येक इनिंग आमचं घड्याळाकडे लक्षही जात नाही.

आता ज्या नियमावर माझा खरा राग आहे तो. नऊ इनिंगनंतर बरोबरी असली की दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर एक रनर आयता उभा केला जातो. त्याने फटका मारलेला नसतो, वॉक (चार बॉलवर मिळणारा पहिला बेस) मिळवलेला नसतो. 2020 मध्ये कोविडच्या काळात खेळाडूंवरचा ताण कमी व्हावा म्हणून हे आणलं, तेव्हा समजण्यासारखं होतं. 2023 मध्ये ते कायमचं केलं. त्याच काळात एका दिवशी दोन सामने असतील तर सात-सातच इनिंगचे खेळवायचे, असाही नियम होता. तो 2022 मध्ये सोडून दिला, कारण सात इनिंगचा सामना कोणालाच पुरा वाटला नाही. मग हा रनर का राहिला?

घड्याळाने रिकामा वेळ काढला. हा नियम खेळच काढून टाकतो. दुसऱ्या बेसपर्यंत पोचणं ही बेसबॉलमधली निम्मी लढाई आहे आणि तीच आपण फुकट वाटतोय. आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, हा नियम लागू नाही! म्हणजे सामना खऱ्या मोलाचा असेल तेव्हा लीगलाही हा रनर नको असतो. मग एप्रिलमधल्या मंगळवारी पोराला घेऊन तिकीट काढून आलेल्या माणसाचा सामना कमी मोलाचा का?

पिचर दमतात, 162 सामन्यांचा हंगाम आहे, हे मान्य. म्हणून माझं म्हणणं इतकंच: दहावी आणि अकरावी इनिंग मोकळी खेळू द्या, रनर ठेवायचाच तर बाराव्यापासून ठेवा. बहुतेक सामने त्याआधीच सुटतात.

घड्याळ असताना लांबलेला सामना कसा दिसतो ते आम्ही 27 ऑक्टोबर 2025 च्या रात्री पाहिलं. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे प्लेऑफच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना, लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम, डॉजर्स आणि ब्लू जेज, 18 इनिंग, 6 तास 39 मिनिटं. याच मैदानावर 2018 च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामनाही 18 इनिंगचाच झाला होता, त्याला 7 तास 20 मिनिटं लागली होती. तेवढ्याच इनिंग, 41 मिनिटं कमी. आणि दुसऱ्या बेसवर आयता उभा केलेला एकही रनर नाही.

सतराव्या इनिंगच्या सुमाराला बाबांचा सांगलीहून मेसेज आला, "अजून चालूच?" तिकडे दुपार झाली होती, ते जेवायला बसत होते. इकडे पहाटेचे अडीच वाजून गेले होते आणि माझा चौदा वर्षांचा पोरगा सोफ्याच्या कडेवर, गुडघ्यांत उशी घेऊन, टक्क जागा. अठराव्या इनिंगला डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमनने चेंडू मधल्या कुंपणापलीकडे मारून सामना जिंकला तेव्हा तो उभा राहून ओरडला आणि शेजारी झोपलेत म्हणून लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. मग आजोबांना त्यानेच फोन लावला, कोण जिंकलं ते सांगायला.