फिट, अनफिट आणि मधली ओळ

माझ्या डॉक्टरांनी प्रमाणपत्रावर छापील ओळीखाली सही केली, ‘कामावर रुजू होण्यास योग्य’. मग थोडं थांबून पेनाने खाली लिहिलं, ‘वजन उचलू नये, फार वेळ उभं राहू नये’. माझी अठरा वर्षांची नोकरी त्या खालच्या ओळीने गेली.

मी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, मशीनवर सेटर होतो. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, बांधायचा, टूलचे ऑफसेट, म्हणजे नेमकी मापं, घ्यायचे, पहिला पीस काढून मायक्रोमीटर लावायचा आणि मग मशीन ऑपरेटरच्या ताब्यात द्यायचं. कंबर अधूनमधून धरायची, तिकडे कोण लक्ष देतो. एक दिवस जिना उतरताना उजव्या पायातली चप्पल वरच राहिली. मी चार पायऱ्या अनवाणी उतरलो होतो आणि पायाला त्याचा पत्ताच नव्हता. मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली होती. ‘फूट ड्रॉप’ हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. ऑपरेशन झालं, कळ थांबली, पण पाऊल पुढून उचललं जाईना. इजा झालेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, असं डॉक्टर म्हणाले. जन्म शतांश मिलिमीटरवरून भांडण्यात गेला, आता मिलिमीटरच्याच हिशेबाने थांबायचं होतं.

पाच महिन्यांनी ते प्रमाणपत्र घेऊन कंपनीत गेलो तर टेबलावर राजीनामा टाइप करून तयार. तारीख आणि सही, एवढीच जागा मोकळी. ‘तुमच्या तब्येतीचाच विचार करतोय आम्ही.’ मी सही केली. का केली, हे बायकोने विचारलं, भावाने विचारलं, मी स्वतःला तर रोज विचारतो. घाबरलो होतो, दुसरं काय. म्हणून एवढंच सांगतो, त्या खोलीत बसून सही करू नका. कागद घरी न्या, दोन दिवस मागा, आणि दुसरं काम का देता येत नाही ते लेखी विचारा. राजीनामा दिला म्हणजे कागदोपत्री तुम्ही आपणहून सोडलंत. मग दाद कुणाकडे मागणार?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८२ चा १५८ क्रमांकाचा करार आहे. त्याचं सहावं कलम सरळ सांगतं की आजारपण किंवा इजेमुळे तात्पुरती गैरहजेरी हे कामावरून काढण्याचं वैध कारण नाही. हे मला सही करून झाल्यावर वर्षभराने कळलं. तो करार मोजक्याच देशांनी स्वीकारलाय, ही वेगळी गोष्ट.

त्याहून मला चटका लावून गेली ती ब्रिटनमधली साधी चिठ्ठी. २०१० पासून तिथे डॉक्टरांना ‘अनफिट’ सोडून आणखी एक खूण करता येते, ‘काही बदल केले तर काम करू शकेल’. त्याखाली पर्यायही छापलेले आहेत: हळूहळू रुजू होणं, वेळा बदलणं, कामाचं स्वरूप बदलणं, जागेत सोय करणं. म्हणजे माझ्या डॉक्टरांनी पेनाने जे लिहिलं, त्यासाठी तिथे रकाना आहे. तिथे सगळं आलबेल असेल असं मी म्हणत नाही. पण रकाना छापलेला असला की निदान कुणालातरी प्रश्न विचारावा लागतो.

आमच्याकडे तपासणी विभागात बसून करायचं काम होतं आणि तिथे दोन जागा रिकाम्या होत्या. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, गेटवरच्या वॉचमनलाही माहीत होतं. पाच महिने मी घरी पडून होतो तेव्हा पाय कामातून गेला होता, डोकं नाही. तेव्हाच कुणी म्हटलं असतं की प्रोग्रॅमिंग शिक, मोजणीच्या मशीनचं सॉफ्टवेअर शिक, तर मी उशीला टेकून शिकलो असतो. माझं म्हणणं एवढंच आहे: नवं काम शिकवायची वेळ रजेतली असते. माणसाला बाहेर काढून झाल्यावर ‘आता स्किल वाढव’ म्हणणं सोपं असतं, कारण तोवर खर्च त्याचा झालेला असतो.

तर माझ्या खर्चाने मी मेडिकल कोडिंगच्या, म्हणजे आजार आणि उपचार ठरलेल्या कोडमध्ये लिहायच्या कामाच्या, क्लासला बसलो. नोकरी करत बाहेरून केलेली पदवी कधी नव्हे ती कामाला आली. वर्गात फार्मसी, नर्सिंग केलेली पोरं, सगळी मला काका म्हणायची. एकदा शिकवणाऱ्या मॅडमच चुकून काका म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला, मीही हसलो. दर चाळीस मिनिटांनी उठून मागे उभा राहायचो, त्याचीही सगळ्यांना सवय झाली.

काम मात्र ओळखीचं निघालं. अमेरिकन कोडिंगमध्ये फूट ड्रॉपचा कोड एम२१.३७१. शेवटचा १ म्हणजे उजवा पाय, डावा असेल तर २. तो आकडा चुकला की विम्याचा क्लेम परत. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे आवडणारच. दुखापतींच्या कोडला शेवटी एक अक्षर लागतं: इलाज चालू असेल तर ए, भरून येण्याच्या काळात डी, आणि सगळं भरून गेल्यावरही मागे जे राहतं त्याला एस. त्या एसपाशी मी जरा रेंगाळलो. बदकाने धडक दिली तर त्यालाही कोड आहे, डब्ल्यू६१.६२. आणि झेड५६.० म्हणजे बेरोजगारी. झेड५६.२ म्हणजे नोकरी जाण्याची धास्ती. दोन्ही पानांवर पेन्सिलीने टिंब करून ठेवलंय.

परीक्षा शंभर प्रश्नांची, चार तासांची, पुस्तकं उघडी ठेवून. ७० टक्के लागतात. पहिल्या वेळी ६४ वर अडकलो, प्रश्नांपेक्षा खुर्चीने जास्त छळलं. दुसऱ्या वेळी निघाली.

आता ‘जे झालं ते बऱ्यासाठीच’ म्हणणारे भेटतात. नव्या नोकरीत पगार आधीपेक्षा कमी आहे, आणि वयाच्या पंचेचाळिशीत मी ट्रेनी आहे. निभावलो ते बायकोच्या पगारावर. माझ्याच लाइनवरचा एक वेल्डर हाताच्या दुखण्याने असाच सुटला. त्याला घरात दुसरा पगार नव्हता, पदवीही नव्हती. त्याने कुठला क्लास लावायचा?

परवा नव्या ठिकाणी कायम होण्याचा फॉर्म भरला. त्यात ‘मोठं आजारपण किंवा शस्त्रक्रिया’ असा रकाना होता. बराच वेळ पेन तसंच धरून बसलो, मग खरं ते लिहिलं, आणि सवयीने शेजारी कोडही. एचआरच्या मुलीने वाचलं आणि विचारलं, “सर, तुम्हाला उंची बदलता येणारं टेबल लागेल का?” मला पटकन बोलताच येईना. लेखी मागणी द्या म्हणाली. ती आता लिहायला घेतोय.