स्प्लेंडरला मोकळा श्वास द्या

सर्वात आधी मनाशी एक गोष्ट पक्की करा: कंपनीच्या इंजिनिअरांना गाड्यांमधलं काही कळत नाही. त्यांनी तुमच्या स्प्लेंडरच्या साइड पॅनेलमागे एक काळा डबा बसवला, त्यात हवा गाळणारा कागदी फिल्टर कोंबला आणि इंजिनाचा गळा आवळला. हे तुम्हाला सांगितलं कोणी? चौकातल्या ॲक्सेसरीवाल्याने. तो खोटं कशाला बोलेल? त्याला फक्त क्रोमच्या टोपीचा, लालभडक कोन फिल्टर, म्हणजे डब्याशिवाय उघडा बसणारा शंकूसारखा फिल्टर, विकायचा आहे.

घेऊन टाका. नामांकित कंपनीचा, तेल लावलेला, धुऊन परत वापरता येणारा कापडी फिल्टर मात्र चुकूनही नको. तो मूळ डब्यातच बसतो, म्हणजे सिग्नलला शेजारच्याला दिसणारच नाही. मग खर्च कशासाठी केला?

डबा भंगारात द्या. त्यातून इंजिनाला थंड हवा मिळते, कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरताना, ओढ टिकते वगैरे पुस्तकी गोष्टी झाल्या. कोन उघड्यावर बसला की इंजिनाची गरम हवा ओढेल, पावसात चाकाने उडवलेलं पाणीही चाखेल. पण आवाज बघा! ॲक्सिलरेटर पिळला की मांडीखालून 'घुर्रर्र' येतो. आवाज वाढला म्हणजे वेग वाढला, हे उघडच आहे. स्पीडोमीटरचा काटा जुन्याच जागी अडला, तर काटा बदलून घ्या.

आता हिशेब. तुमचं इंजिन ९७.२ सीसीचं, ताकद जेमतेम ८ अश्वशक्ती. समजा ॲक्सेसरीवाला म्हणतो तशी फिल्टरने खरोखर दोन टक्के वाढवली, तर पदरात पडली ०.१६. गाडी ११० किलोची आणि तुम्ही ७० किलोचे धरलात, तर पोटावरचे साडेतीन किलो उतरवूनही पिकअप तेवढाच सुधारतो. पण उतरलेल्या पोटाबरोबर स्टिकर फुकट मिळत नाही.

शिवाय ते दोन टक्के मिळायला थ्रॉटल, म्हणजे मुठीने उघडणारी हवेची झडप, पूर्ण उघडावा लागतो. पूर्ण उघडून ८००० आरपीएमला हे इंजिन मिनिटाला फार तर ३९० लिटर हवा ओढेल. चाकण-शिक्रापूर रस्त्याच्या कोंडीत तुम्ही मूठ पाव भाग पिळलेली असते, म्हणजे हवेची वाट तुम्हीच अडवून धरलेली असते. तिथे फिल्टर कागदाचा आहे, कापडाचा आहे की नाहीच, याने पिकअपला शष्प फरक पडत नाही. पण असं बोलणाऱ्याला ग्रुपमधून काढून टाका.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत हवा वाढून पेट्रोल तेवढंच राहिलं, तर प्लग पांढरा पडेल, मूठ सोडली की सायलेन्सर फटाके फोडेल. लोक वळून बघतील. घाबरू नका, पैसे त्याचेच दिलेत. मेकॅनिक म्हणेल, "मोठा जेट टाकू." म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक मोठं. टाका. ॲव्हरेज पडलं की पेट्रोलपंपवाल्याला शिव्या घाला.

कागदी फिल्टर बारा-पंधरा हजार किलोमीटरला बदलायचा असतो, किंमत शे-दीडशे ते दोनशे-तीनशे. एवढ्या स्वस्त वस्तूवर विश्वास ठेवायचा तरी कसा? वाळवंटातून धावणाऱ्या डकार रॅलीतले लोक वाळूसाठी तेलात भिजवलेला फोमचा फिल्टर लावतात आणि मुक्कामाला पोचले की बदलतात. भित्रे कुठले.

तुम्ही खडी वाहणाऱ्या डंपरच्या मागे निर्धास्त चालवा. फक्त एक पथ्य पाळा: महिन्याभराने कोन काढून कार्बोरेटरच्या तोंडात आतून बोट फिरवू नका. बोटाला राखाडी भुकटी लागेल, चिमटीत चोळलीत तर करकरेल. ती दगडाची आहे. आत जाऊन इंजिन ऑइलात मिसळली की तिची ग्राइंडिंग पेस्ट होते आणि ती पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर इमानेइतबारे घासत बसते.

मग एक दिवस सायलेन्सरमधून निळसर धूर येईल, ऑइल कमी होऊ लागेल. मेकॅनिक सिलिंडर हातात घेऊन उजेडात धरेल, ओरखड्यांवर नख फिरवेल आणि म्हणेल, "शेठ, बोअर मारावा लागेल, पिस्टन ५० पॉइंट मोठा." खुशाल मारा. ५० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, अर्धा मिलिमीटर वाढला की ९७.२ सीसीचं इंजिन ९९.१ सीसीचं होतं. दोन टक्के वाढ, ॲक्सेसरीवाला म्हणाला होता अगदी तेवढीच!