आधी शेजारी बसा

आजारी माणूस बरा व्हावा म्हणून ख्रिस्ती मंडळींत प्रार्थना होते त्या चंगाई सभांवरून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत जुंपली आहे. काहींच्या मते या सभा म्हणजे भोळ्या आदिवासींना बाटवायचा उद्योग. आमची माणसं म्हणतात, हा आमच्या श्रद्धेवरचा हल्ला. मी नवापूर तालुक्यातल्या ख्रिस्ती घरातली, आता इंग्लंडमध्ये नर्स आहे. वाचताना मला एकच गोष्ट खुपते. ज्याला दुखतंय, तो माणूस या भांडणात कुठेच नाही.

नंदुरबारकडच्या वस्त्यांना सिकलसेल नवा नाही. तांबड्या पेशी वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं आतून ठणकू लागतात. पोर रात्रभर पाय आवळून कण्हतं. हा दोष आई आणि बाप दोघांकडून येतो, हे कळल्यापासून माय स्वतःलाच खात असते. अशा बाईला प्रार्थनेला आलेल्या माणसानं विचारावं, 'घरात काही पाप लपलंय का?' हे मी आमच्याच भागात ऐकलं आहे. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बघून शिष्य हेच विचारतात, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू सांगतो, यानंही नाही आणि आईबापांनीही नाही. हे वाचूनही जो त्या मायला कोड्यात पाडतो, त्याला मी सेवक म्हणणार नाही.

'विश्वास ठेव, गोळ्या सोड' हे तर त्याहून भयंकर. साप-विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवणं महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. सिकलसेलच्या गोळ्या बंद करायला लावणारा मला तितकाच दोषी वाटतो. विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल म्हणून आमची मंडळी, म्हणजे चर्च, गप्प बसते आणि त्याची किंमत ते पोर मोजतं.

इथे इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत चॅपलिन असतात, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारे, निरनिराळ्या धर्मांचे. रुग्णाला आपल्या धर्मात ओढायची त्यांना सक्त मनाई असते. आमच्या वॉर्डात येणारी बाई आधी विचारते, 'बसू का?' नको म्हटलं तर तोंड वाकडं न करता जाते. हो म्हटलं तर खुर्ची ओढते, रुग्णाच्या नजरेच्या पातळीवर येते आणि बराच वेळ काहीच बोलत नाही. प्रार्थना मागितली तरच करते, तीही दोन-तीन वाक्यांत. सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणपंथाला लागलेल्यांची शुश्रूषा करणारं रुग्णालय, उघडलं, ते ख्रिस्ती श्रद्धेतूनच. तिथे प्रार्थनाही होती आणि दुखणं उसळायच्या आधी ठरल्या वेळी दिलेलं मॉर्फिनही. एकासाठी दुसरं सोडावं लागलं नाही.

पण इथे ड्युटी संपली की चॅपलिन घरी जाते आणि म्हातारा पडद्याआड एकटा राहतो. त्याला बघायला आठवडाभर कोणी फिरकत नाही. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे भाकरी-पिठलं आणतात, बायका सोबतीला झोपतात. बायबलातल्या दुःखानं पिचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, शब्दही न बोलता. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. दुःखाची कारणं सांगायला तोंड उघडलं तिथे ते चुकले आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला. बसणं खान्देशाला शिकवावं लागत नाही. पुढचं शिकवावं लागतं.

भाऊ म्हणतो, 'ताई, तुमच्याकडे पगारी माणसं. आमचा पाळक (पास्टर) मोटरसायकलवर पाच-सहा गावं करतो, वर शेती.' खरं आहे. म्हणूनच माझं मागणं छोटं आहे. आमच्याच तालुक्यात चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय आहे. नव्या पाळकाला उपदेशाला उभं करण्याआधी महिनाभर अशा वॉर्डात राहू द्या. त्यानं रुग्णाची कूस बदलायला हात लावावा, सलाईन संपलं की सिस्टरला हाक मारावी, रात्री त्या मायशेजारी बसावं. महिन्याचा त्याचा खर्च मंडळीनं उचलावा. एका सभेच्या मांडवावर आणि स्पीकरवर त्याहून जास्त पैसा जातो.